नावावरचे टिंब

बाळाला बाप्तिस्म्यासाठी चर्चच्या दाराशी आणले म्हणजे विधीला आरंभ होतो तो एका साध्या प्रश्नाने. या बाळाचे नाव काय ठेवणार, असे धर्मगुरू आईबापांना विचारतो. पाणी, तेल, शुभ्र वस्त्र, पेटती मेणबत्ती हे सारे त्यानंतर येते. ख्रिस्तसभेला माणसाकडून हवे असते ते सर्वप्रथम त्याचे नाव. विधी आटोपला की तेच नाव नोंदवहीत उतरते. पुढे पहिला कम्युनिअन, दृढीकरण, विवाह या साऱ्यांसाठी त्या एका ओळीकडे परत यावे लागते. म्हणून नोंदवहीतील नाव म्हणजे निव्वळ शाईच्या रेघा नव्हेत. एक जीव येथे आला होता, याची ती साक्ष होय.

पोर्तुगीजांनी १५३४ साली वसई घेतली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. राज्य गेले, परंतु पाद्रोआदोच्या धर्मव्यवस्थेमुळे उत्तर कोकणातील काही चर्चमध्ये पोर्तुगीज भाषेत नोंदी करण्याची रीत पुढेही बराच काळ टिकली. अशा जुन्या वह्या संगणकावर उतरवून घेण्याच्या कामात आम्ही गेली काही वर्षे रमलो आहोत. कागद जीर्ण, काही ठिकाणी कसरीने खाल्लेला. शाई तपकिरी पडलेली. परंतु त्या हस्ताक्षरांतून आपलीच माणसे डोकावतात. सेबास्तियांव, ज्याला आपल्या आजीने घरात बस्त्यांव केले. जुआंव, जुझे, कोंसेइसांव. आणि आडनावांत गोंसाल्व्हिस. वाचण्यात फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती लिहिण्यात. या नावांमधील काही अक्षरांच्या डोक्यावर नागमोडी रेघ आहे, काहींवर तिरकी, काहींवर छपरासारखी खूण. आणि एका ‘सी’च्या पोटाखाली लहानशी शेपटी. आपल्या बाजारात मिळणाऱ्या कळफलकावर यांपैकी एकही अक्षर छापलेले नसते. मग टंकलेखन करणारा सरळ साधे ‘ए’, साधे ‘ओ’, साधे ‘सी’ ठेवून पुढे जातो. एका टिंबाने असे काय बिघडते, असा त्याचा प्रश्न असतो.

काय बिघडते, ते पाहण्यासाठी आधी ही चिन्हे आली कोठून ते पाहू. नागमोडी रेघेला पोर्तुगीज लोक ‘तिल’ म्हणतात. मध्ययुगातील लेखनिकांना चर्मपत्र महाग पडे. जागा वाचावी म्हणून शब्दातील ‘एन’ किंवा ‘एम’ गाळून ते आधीच्या अक्षरावर एक आडवी रेघ ओढीत. पोर्तुगीज भाषेच्या तोंडी काळाच्या ओघात दोन स्वरांमधला ‘न’ खरोखरच विरून गेला, मात्र जाताना स्वराला नाकातला उच्चार देऊन गेला. लॅटिन ‘मानुस’, म्हणजे हात, त्याचे ‘मांव’ झाले; ‘लाना’, म्हणजे लोकर, तिचे ‘लां’ झाले. गेलेल्या व्यंजनाची आठवण तेवढी त्या रेघेत उरली.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. संस्कृतातील ‘नाम’ आपल्याकडे येताना त्यातला ‘म’ विरला आणि ‘नांव’ झाले. डोक्यावरचा अनुस्वार ही त्या हरवलेल्या ‘म’ची खूण होती. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम महाराष्ट्रात स्वीकारले गेले, तेव्हा न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. ‘घरांत’चे ‘घरात’ झाले आणि ‘नांव’चे ‘नाव’ झाले. मुलांचे श्रम वाचले, याचा आम्हास आनंदच आहे. परंतु गंमत अशी की ‘नाव’ या शब्दानेच आपले टिंब गमावले. आता ते माणसाचे नाव आहे की पाण्यातली नाव, हे मागच्यापुढच्या शब्दांवरून ठरवावे लागते. भाषा एकत्रितपणे विचार करून एखादे चिन्ह सोडते ती एक गोष्ट, आणि कळ सापडली नाही म्हणून दुसऱ्याच्या नावावरचे चिन्ह आपण पुसतो ती दुसरी. या दोहोंत फार अंतर आहे.

‘सी’खालच्या शेपटीची कहाणी आणखी बोलकी आहे. तिला ‘सेदिल्या’ म्हणतात. मूळ अर्थ ‘लहानसा झेड’. इबेरियातील जुन्या विसिगॉथिक लिपीतील ‘झेड’च्या वळणातून ती उतरली. ही शेपटी असली की ‘सी’चा उच्चार ‘स’ होतो. ती गळाली की ‘ए’, ‘ओ’, ‘यू’ या स्वरांपूर्वी त्याच ‘सी’चा उच्चार ‘क’ होतो. म्हणजे शेपटी न लावता लिहिलेला गोंसाल्व्हिस अनोळखी वाचकाच्या तोंडी गोंकाल्व्हिस होतो. इंग्रजी अमदानीत हे टाळण्यासाठी शेपटीच्या ‘सी’च्या जागी ‘एस’ आला आणि आडनाव नव्या वेषात रुळले. आपले संत गोन्सालो गार्सिया यांचेच पाहा. वसईत जन्मलेले, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर हौतात्म्य पत्करलेले आणि १८६२ साली संतपदी गौरविले गेलेले. त्यांच्या नावात पोर्तुगीज लेखनात शेपटीचा ‘सी’ आहे, इंग्रजी लेखनात ‘एस’. संतांना त्याने काही उणे येत नाही. परंतु सामान्य माणसाला येते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. नातू परदेशी स्थायिक झालेला. तेथील एका कार्यालयात त्याला आजोबांचा बाप्तिस्म्याचा दाखला सादर करायचा होता. मूळ वहीत आडनाव शेपटीच्या ‘सी’ने, दाखल्याच्या टंकलिखित प्रतीत साध्या ‘सी’ने, आणि घरच्या पुढील सर्व कागदांवर ‘एस’ने. तीन लेखने पाहून त्या कार्यालयाने ही तीन निरनिराळी माणसे असावीत असा निष्कर्ष काढला. प्रतिज्ञापत्रे झाली, पत्रव्यवहार झाला, महिने गेले. मधल्या प्रतीत शेपटी असती तर पहिले व तिसरे लेखन एकाच उच्चाराची दोन रूपे आहेत, हे निदान समजावून देता आले असते. मधल्या प्रतीने तो धागाच तोडला होता. पासपोर्टाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ज्या ओळी असतात, त्यांत रोमन वर्णमालेची साधी २६ अक्षरे, अंक आणि रिकाम्या जागेची खूण याखेरीज काही चालत नाही, हे खरे. तो यंत्राचा नियम झाला. आपल्या नोंदवहीवर तो नियम लादण्याचे कारण नाही.

केवळ नावांचाच हा प्रश्न नाही. पोर्तुगीज भाषेत ‘आजी’ आणि ‘आजोबा’ हे दोन शब्द अक्षरांनी अगदी सारखे आहेत. शेवटच्या ‘ओ’वर तिरकी रेघ असेल तर आजी, छपराची खूण असेल तर आजोबा. चिन्ह गाळले की आजीचा आजोबा व्हायला वेळ लागत नाही. मराठीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील रफाराचा फरक पाळला नाही तर निमंत्रण गुरुजींना जाते की स्वयंपाक्यांना, हे कळत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू नियमशास्त्राच्या लहानात लहान खुणेविषयी बोलतो. ग्रीकमध्ये तेथे ‘आयोटा’ आहे. मराठी भाषांतरकारांनी त्या ठिकाणी ‘काना’ आणि ‘मात्रा’ हे शब्द योजिले, हे आम्हास फार मार्मिक वाटते. काना-मात्रेचे मोल मराठी माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता उपायाकडे वळू. जुन्या युरोपीय टंकयंत्रांवर एक ‘मुकी कळ’ असे. ती दाबली की कागदावर चिन्ह उमटे, पण गाडी पुढे सरकत नसे. मग अक्षर दाबले की ते त्याच चिन्हाखाली येऊन बसे. विंडोज संगणकावर ऑल्ट कळ दाबून धरून उजवीकडच्या अंकफलकावर ०२२७ हा आकडा दिला की तिलाचा ‘ए’ उमटतो, ०२३१ दिला की शेपटीचा ‘सी’. हे चालते, पण आकड्याचा अक्षराशी डोळ्यांना दिसणारा काहीच संबंध नसतो. शंभर नावांत दोनशे वेळा आकडे आठवणे म्हणजे जपमाळेचे मणी मोजताना प्रार्थनाच विसरण्यासारखे आहे.

याहून सुबक युक्ती म्हणजे ‘कंपोज’ कळ. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ साली आणलेल्या व्हीटी २२० या टर्मिनलच्या कळफलकावर अशी कळ होती. पुढे सन कंपनीच्या कळफलकांवरही ती आली. आजच्या कळफलकावर ती छापलेली नसते, पण लिनक्सवर चालणाऱ्या संगणकात उजवी ऑल्ट, मेन्यू किंवा कॅप्स लॉक यांपैकी एखाद्या कळेला ते काम नेमून देता येते. उबंटूमध्ये त्यासाठी सेटिंग्जमधील कीबोर्डच्या पानावर जावे लागते, इतकेच. विंडोजसाठी ‘विनकंपोज’ हा विनामूल्य प्रोग्राम आहे.

कंपोज कळ शिफ्टप्रमाणे दाबून धरायची नसते. ती दाबून सोडायची. मग एकामागून एक दोन कळा दाबायच्या. कंपोज, नागमोडी रेघ, ‘ए’: तिलाचा ‘ए’ तयार. कंपोज, स्वल्पविराम, ‘सी’: शेपटीचा ‘सी’ तयार. कंपोज, एकेरी अवतरणचिन्ह, ‘ई’: ‘जुझे’च्या शेवटचा तिरक्या रेघेचा ‘ई’ तयार. स्वल्पविराम शेपटीसारखा दिसतो, अवतरणचिन्ह तिरक्या रेघेसारखे दिसते. म्हणून डोळ्यांनी जे पाहिले तेच बोटांनी सांगायचे. पाठांतर जवळजवळ नाहीच. आपण देवनागरी टंकित करताना वेगळे काय करतो? ‘क’, मग पाय मोडायची कळ, मग ‘ष’, आणि ‘क्ष’ उभा राहतो. जोडाक्षराची कल्पना ज्याच्या अंगवळणी पडली आहे, त्याला कंपोजची कल्पना परकी वाटू नये.

येथे फादर थॉमस स्टीफन्स यांची आठवण होणे साहजिक आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज येशूसंघीयाने मराठीत ‘क्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ साली रायतूरच्या मुद्रणालयात छापले गेले, ते मात्र रोमन लिपीत. या देशाची पुस्तके या देशाच्याच अक्षरांत छापावीत अशी त्यांची फार इच्छा होती. १६०८ सालच्या पत्रात त्यांनी आपल्या वरिष्ठांना तसे कळविलेही होते. अडचण साच्यांची होती: युरोपात २४ पुरत, येथे सुमारे ६०० लागत. तेव्हा रोमन अक्षरांनाच वळवून आपल्या ध्वनींची सोय लावावी लागली; ट, ड यांसारख्या मूर्धन्य ध्वनींसाठी तेच रोमन अक्षर दोनदा लिहिण्याची युक्ती पुढे आली. हाताशी असलेल्या थोड्या खुणा क्रमाने मांडून नसलेले अक्षर उभे करणे, हीच ती युक्ती. आज ६०० साच्यांची अडचण उरलेली नाही. तेव्हा ज्या गोष्टीसाठी एका थोर माणसाने आयुष्यभर वाट पाहिली, ती आळसाने सोडून देणे आपल्याला शोभणार नाही.

कंपोजबरोबर मिळणारी तयार यादी मोठी आहे. तरी प्रत्येक कामाच्या गरजा निराळ्या असतात, आणि त्यासाठी स्वतःची यादी करता येते. आपल्या घरच्या फोल्डरमध्ये ‘एक्सकंपोज’ नावाची, आरंभी टिंब असलेली एक साधी मजकुराची फाईल करायची. टिंबामुळे ती एरवी दिसत नाही. तिच्या पहिल्या ओळीत ‘इन्क्लूड’ हा शब्द आणि त्यापुढे दुहेरी अवतरणचिन्हांत टक्क्याची खूण व मोठा ‘एल’ एवढे लिहायचे. ही ओळ महत्त्वाची आहे. स्वतःची फाईल सापडली की संगणक तयार यादीकडे पाहणे सोडून देतो; या ओळीने आपण त्याला सांगतो की पूर्वीचे सारे स्वीकार, त्यात माझी थोडी भर घाल. परंपरा आणि नवी भर यांचा याहून चांगला क्रम आम्हास तरी ठाऊक नाही. त्याखाली एकेका ओळीत एकेक क्रम: कळांची नावे कोनी कंसांत, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग अवतरणचिन्हांत हवे ते अक्षर. कंपोज कळेचे नाव येथे ‘मल्टी की’ असे आहे. फाईल बदलली की चालू असलेले प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावे लागतात, आणि काही प्रोग्राम ही फाईल अर्धवटच मानतात, एवढे ध्यानात ठेवावे.

आमच्या फाईलमध्ये भर पडली ती वह्यांच्याच आग्रहाने. जुन्या पोर्तुगीज हस्तलिखितांत ‘कि’ या अर्थाचा तीन अक्षरी शब्द पुष्कळदा नुसत्या ‘क्यू’वर तिल देऊन लिहिलेला आढळतो. असे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध मिळत नाही; ‘क्यू’ आणि त्यावर बसणारी रेघ अशी दोन चिन्हे लागोपाठ द्यावी लागतात. आम्ही कंपोज, नागमोडी रेघ, ‘क्यू’ असा क्रम दिला. ‘मारिया’चे लघुरूप ‘एम’ आणि वर चढविलेला लहान ‘ए’ असे येते, ‘अंतोनियो’च्या शेवटी तसाच चढता ‘ओ’. त्यांनाही सुटसुटीत क्रम दिले. नोव्हेनाच्या पत्रिकांसाठी पुरोहिताचे वचन आणि लोकांचा प्रतिसाद दाखविणारी ‘व्ही’ व ‘आर’ची आडरेघी चिन्हे आणखी दोन ओळींत आली. एक नियम मात्र पाळावा लागतो. एक क्रम दुसऱ्या क्रमाचा आरंभ असता कामा नये. कंपोजनंतर नुसता ‘जे’ आणि कंपोजनंतर ‘जे’, ‘एस’ असे दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. ‘जे’ ऐकल्यावर बोलणे संपले की अजून काही यायचे आहे, हे यंत्राला कळावे कसे?

या सोयीत एक मोहही दडलेला आहे. उजवीकडच्या अवतरणचिन्हांत एकच अक्षर हवे असे बंधन नाही. संपूर्ण शब्द लिहिला तरी चालतो. म्हणजे दोन कळांत ‘जुआंव’ हे अख्खे नाव उमटविता येईल. शेकडो जुआंव असलेल्या वहीत हा केवढा लाभ! आम्ही यावर विचार केला आणि तसे न करण्याचे ठरविले. कारण जुन्या लेखनिकांचा हात एकसारखा नव्हता. आज तिल ‘ए’वर देतात, अठराव्या शतकातील अनेक हस्ताक्षरांत तो शेवटच्या ‘ओ’वर आढळतो. कोठे नाव पूर्ण, कोठे तोडलेले. सबंध नाव एका फटक्यात उमटू लागले की वहीकडे पाहणेच कमी होते. मग वहीत आहे ते न लिहिता, असायला हवे होते ते आपण लिहू लागतो. अक्षर जोडण्यात यंत्राची मदत घ्यावी. माणूस ओळखण्याचे काम डोळ्यांकडेच राहावे. ज्या लेखनिकाने दोनशे वर्षांपूर्वी मेणबत्तीच्या उजेडात ते नाव लिहिले, त्याला निदान एकेका अक्षराएवढा वेळ आपण द्यावा.

आणखी एक बारीक गोष्ट पुढील शोधकर्त्यांसाठी सांगावीशी वाटते. तिलाचा ‘ए’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी ठेवता येतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा ‘ए’ आणि त्यानंतर जोडायची रेघ म्हणून. पडद्यावर दोन्ही तंतोतंत सारखे दिसतात. पण काही प्रोग्राम शोध घेताना त्यांना भिन्न समजतात. एका वहीत दोन्ही तऱ्हा मिसळल्या तर नाव असूनही सापडणार नाही. कंपोजच्या तयार यादीतून अशी नेहमीची अक्षरे एकसंधच मिळतात, हा तिचा मोठा गुण. जेथे एकसंध अक्षर नाहीच, जसे ‘क्यू’चे, तेथे दुसरी तऱ्हा घ्यावी आणि शेवटपर्यंत तीच ठेवावी.

पोर्तुगीज हे राज्यकर्ते होते, ही नावे त्यांनी दिली, मग त्यांच्या टिंबांची एवढी काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर एवढेच की, नाव कोणीही दिलेले असो, ते ज्याने आयुष्यभर वाहिले त्याचे ते झाले. शेतात राबलेल्या, होडी हाकलेल्या, पटकीच्या साथीत गेलेल्या त्या माणसांच्या हातचे दुसरे काही लिखाण मागे उरलेले नाही. अनेकांना सहीच्या जागी क्रुसाची खूण करावी लागली. त्यांच्या नावाची ती एक ओळ, तीही अर्धवट उतरवून ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

धर्मगुरूची काही वर्षांनी बदली होते. जाताना तो येणाऱ्याच्या हाती चर्चच्या किल्ल्या देतो, वह्या देतो, हिशेब देतो. आम्ही त्या यादीत या लहानशा फाईलचीही भर घातली आहे. तीत जेमतेम दोन डझन ओळी आहेत. प्रत्येक ओळीवर, संगणक ज्याकडे दुर्लक्ष करतो अशा टिपणाच्या खुणेपुढे, ते अक्षर कोणत्या नावात भेटते हे मराठीत लिहून ठेवले आहे. विंडोज वापरणाऱ्यालाही ती विनकंपोजमधून चालेल. ज्या वाचकांच्या धर्मग्रामांत अशा जुन्या वह्या असतील, त्यांनी आपल्या तरुणतरुणींकडून अशी फाईल अवश्य करवून घ्यावी. तासाभराचे काम आहे. आणि त्यानंतर उतरविलेल्या पहिल्या पानावर एखादा सेबास्तियांव आपल्या तिलासह आढळेल.